पाण्याची आवक मोजली, स्फुरदाची कधी?

म्हैसाळ योजनेचे आवर्तन सुटले की मिरज, कवठेमहांकाळ आणि जत तालुक्यांतल्या कोरड्या तलावांत कृष्णेचे पाणी पोहोचते. टेंभूचे पाणी कडेगाव, खानापूर, आटपाडीकडे जाते. ज्या शिवारांनी पिढ्यान्पिढ्या टँकरची वाट पाहिली, तिथे हे पाणी येणे हा साधा बदल नव्हे. पण पाण्याबरोबर आणखीही काही येते. टेंभूचा उपसा कऱ्हाडच्या खाली आहे, म्हैसाळचा सांगलीच्या खाली. वाटेतल्या गावांचे सांडपाणी, उसाच्या फडातून वाहिलेले खत आणि सुटलेली माती यांचा काही अंश त्या पाण्यात असतोच. तलावातले पाणी पुढे जिरते, शेताला जाते किंवा उन्हाने उडते. त्यातले स्फुरद मात्र उडत नाही.

म्हणून सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांसाठी एक प्रश्न नीट मांडायला हवा. तलावात नत्र आणि स्फुरद किती आले म्हणजे पाणी किती बिघडेल, हे आधीच सांगता येते का? जगात गेली साठ वर्षे या प्रश्नावर काम झाले आहे. त्यातून काय हाती आले, त्यातले आपल्या तलावांना काय लागू पडते आणि आपल्याकडे नेमके काय कमी आहे, याचा हा आढावा.

बिघाड होतो कसा

वनस्पतीला शेतात जे लागते तेच पाण्यातही लागते. पाण्यात नत्र-स्फुरद वाढले की आधी सूक्ष्म शैवाल वाढते. मग पाणी हिरवट दिसू लागते, उजेड खोलवर पोहोचत नाही आणि तळाशी उगवणाऱ्या पाणवनस्पती मरतात. उष्ण, संथ पाण्यात पुढे नील-हरित शैवालाची सरशी होते. त्याच्या पेशींत वायूच्या बारीक पिशव्या असतात. त्यांच्या आधाराने ते पृष्ठभागावर तरंगते आणि उजेडाची मक्तेदारी स्वतःकडे घेते. त्याच्या काही जाती यकृताला घातक असे विष तयार करतात. अमेरिकेतल्या टोलेडो शहरात ऑगस्ट २०१४ मध्ये याच कारणाने सुमारे पाच लाख लोकांना नळाचे पाणी पिऊ नका असे सांगावे लागले. विष नसले तरी जलशुद्धीकरण केंद्रात वाळूच्या गाळण्या तुंबतात आणि पाण्याला मातकट वास येतो.

मासे का मरतात, तेही इथेच कळते. दिवसा शैवाल प्राणवायू सोडते, रात्री तेच शैवाल तो वापरते. त्यात मेलेले शैवाल कुजताना आणखी प्राणवायू खर्च होतो. पहाटे चार-पाचच्या सुमारास साठा तळाला जातो आणि मासे वर येऊन तोंडे उघडी टाकू लागतात. सकाळी मच्छीमार संस्थेची माणसे जाळे घेऊन येतात, तेव्हा काठाला पांढरी पोटे लागलेली असतात. चौकशी होते, पाण्याचा नमुना घेतला जातो. पण तोवर अकरा वाजलेले असतात. ऊन पडून शैवालाने पुन्हा प्राणवायू सोडायला सुरुवात केलेली असते आणि बाटलीतला आकडा सगळे ठीक असल्याचे सांगतो. कोणत्या वेळी मोजले, हे काय मोजले याइतकेच महत्त्वाचे आहे.

नत्र की स्फुरद

दोषी कोण, हा वाद जुना. त्यावरचा सर्वात गाजलेला प्रयोग कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात झाला. तिथे प्रयोगासाठी राखून ठेवलेल्या तलावांपैकी २२६ क्रमांकाचा तलाव डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये पडदा टाकून दोन भागांत विभागला. एका भागात कार्बन आणि नत्र घातले. दुसऱ्या भागात या दोहोंबरोबर स्फुरदही घातले. स्फुरदाचा भाग हिरवागार झाला, दुसरा जवळपास पूर्वीसारखाच राहिला. हवेतून उतरवलेले दोन्ही भागांचे छायाचित्र पुढे धोरणकर्त्यांना पटवण्यासाठी जगभर वापरले गेले.

कारण सोपे आहे. नत्र हवेत भरपूर आहे आणि काही नील-हरित शैवाले ते थेट हवेतून घेऊ शकतात. स्फुरदाला अशी पळवाट नाही. ते माती, खत आणि मैल्यातूनच येते. तरीही वाद पुरता मिटलेला नाही. नत्राकडे दुर्लक्ष केल्यास खालच्या नद्या आणि खाड्या बिघडतात, उष्ण प्रदेशातल्या तलावांत नत्राची टंचाईही वाढ रोखू शकते, असे अनेक अभ्यासक मानतात. आज बहुतेकांचा कौल असा की तलावासाठी स्फुरद आधी आवरा, पण नत्राची नोंद सोडू नका.

आपल्या मातीत या दोघांची चालही वेगळी आहे. चुनखडीयुक्त काळी जमीन स्फुरद घट्ट धरून ठेवते, त्यामुळे ते मुख्यतः मातीच्या कणांना चिकटून वाहते. नत्राचे नायट्रेट पाण्यात विरघळून निचऱ्यावाटे निघून जाते. म्हणजे बांधबंदिस्तीने माती अडवली तर शेतातले बरेचसे स्फुरद अडते, नत्र अडत नाही. सांडपाण्यातले स्फुरद मात्र विरघळलेलेच असते. ते बारमाही येते आणि शैवालाला तत्काळ मिळते. शहराचे सांडपाणी कृष्णेत नेणाऱ्या शेरीनाल्याचा प्रश्न सांगलीकरांनी वर्षानुवर्षे दुर्गंधी आणि रोगराईच्या अंगाने मांडला, ते योग्यच होते. खालच्या साचलेल्या पाण्याच्या अंगानेही तो तितकाच गंभीर आहे.

जमाखर्चाचे सूत्र

भाकिताचा पाया स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले शास्त्रज्ञ रिचर्ड फोलेनवायडर यांनी घातला. त्यांचा पहिला मोठा अहवाल १९६८ चा. पुढे १९७५-७६ च्या सुमारास त्यांनी मांडलेले सूत्र आजही पहिला अंदाज बांधायला वापरतात. त्यामागची कल्पना जमाखर्चाची आहे. वर्षभरात आत आलेले स्फुरद एकतर सांडव्यातून बाहेर जाते, नाहीतर गाळात बसते. उरलेले पाण्यात राहते. तलावातले पाणी पूर्ण पालटायला लागणारा काळ म्हणजे निवासकाळ. आत येणाऱ्या पाण्यातले स्फुरदाचे सरासरी प्रमाण काढायचे आणि त्याला एक अधिक निवासकाळाच्या वर्गमुळाने भागायचे, एवढेच सूत्र.

उदाहरणासाठी एक तलाव मनात धरू. क्षेत्र ५० हेक्टर, सरासरी खोली ३ मीटर, म्हणजे साठा १५ लाख घनमीटर. वर्षाला त्यात २५० किलो स्फुरद येते आणि पाणी वर्षातून एकदा पालटते. आत येणाऱ्या पाण्यात लिटरमागे सुमारे १६७ मायक्रोग्रॅम स्फुरद झाले; त्याला दोनने भागले की तलावात ८३. आता तेवढेच स्फुरद, पण पाणी चौपट, म्हणजे निवासकाळ तीन महिने. उत्तर येते २८. सर्वमान्य वर्गवारीनुसार १० च्या खालचे पाणी निर्मळ, १० ते ३५ मध्यम, ३५ ते १०० अतिपोषित आणि १०० च्या वर हाताबाहेर गेलेले. स्फुरदाचा भार तोच, पण एक तलाव मध्यम राहिला, दुसरा हिरवा झाला.

२५० किलो म्हणजे किती? डीएपीच्या ५० किलोच्या पोत्यात सुमारे १० किलो मूलद्रव्यरूप स्फुरद असते, म्हणजे ही पंचवीस पोती झाली. माणसाच्या मलमूत्रातून वर्षाला सुमारे अर्धा किलो जाते, म्हणजे पाचशे माणसांच्या वस्तीचा नाला झाला. आडसाली उसाला शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० किलो स्फुरद आणि १७० किलो पालाश अशी आहे. खताच्या हिशेबातले हे १७० किलो म्हणजे मूलद्रव्याच्या रूपात ७४ किलो. पाणलोटात ३४० हेक्टर आडसाली ऊस असेल आणि दिलेल्या स्फुरदाचा फक्त शंभरावा भाग ओढ्याला लागला, तरी २५० किलो भरतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने शंभरावा भाग नगण्य आहे, तलावाच्या दृष्टीने तो सगळा फरक आहे. म्हणूनच या विषयात शेतकऱ्याला दोष देऊन काही साधत नाही. त्याचा अपव्यय डोळ्यांना दिसण्याइतकाही नसतो.

पाण्यातल्या स्फुरदावरून शैवाल किती वाढेल, याचीही समीकरणे १९६०-७० च्या दशकांत बसवली गेली. रॉबर्ट कार्लसन यांनी १९७७ मध्ये पारदर्शकता, हरितद्रव्य आणि स्फुरद यांना एकाच मोजपट्टीवर आणले. तिच्यावर दर दहा अंकांना पारदर्शकता निम्मी होते. असे भाकीत खरे ठरल्याचे सर्वांत ठळक उदाहरण सिॲटलजवळच्या वॉशिंग्टन तलावाचे. सांडपाणी वळवले तर तलाव सुधारेल, असे डब्ल्यू. टी. एडमंडसन यांनी आधी सांगितले. १९६३ ते १९६८ दरम्यान नाले वळवले गेले आणि काही वर्षांत पाणी पुन्हा स्वच्छ झाले.

आपल्याकडचे तलाव एकसारखे नाहीत

निवासकाळ हा या सूत्राचा कणा आहे, आणि त्या बाबतीत सातारा-सांगलीइतकी विविधता दोन जिल्ह्यांत क्वचित सापडेल. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. माण-आटपाडीला पाचशेच्या आसपास.

कोयनेचा शिवसागर १०५.२५ टीएमसीचा. पाणलोट जंगलाचे, त्याचा मोठा भाग सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात. पश्चिमेकडे वीजनिर्मितीला, पूर्वेकडे सिंचनाला पाणी जात असल्याने साठ्याचा मोठा भाग दर वर्षी पालटतो. इथे धोका कमी आहे, पण जलाशयाच्या लांब, अरुंद फाट्यांत पाणी मुख्य प्रवाहापासून अलग राहते, त्यामुळे एका सरासरी आकड्याने सगळ्या जलाशयाचे चित्र मिळत नाही.

महाबळेश्वरचा वेण्णा तलाव साताऱ्याचे छत्रपती आप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये बांधला. साताऱ्याला पाणी पुरवणारा कास तलाव पठाराच्या कुशीत आहे. दोन्हीकडे पावसाळ्यात पाणी धो धो येते आणि सांडव्यावरून निघूनही जाते. पण पर्यटनाचा भर पाऊस संपल्यानंतरचा आहे. वेण्णेच्या काठावरचे घोडे, खाद्यपदार्थांच्या टपऱ्या, आसपासची हॉटेले आणि स्ट्रॉबेरीची शेती यांचा भार नेमका पाणी थांबलेले असताना पडतो. वर्षाची सरासरी इथे फसवी ठरते. ऑक्टोबर ते मे हा हिशेब वेगळा मांडायला हवा.

पूर्वेकडे चित्र उलटे. खटावमधला मायणीचा तलाव, येरळवाडी, माणगंगेवरचा राजेवाडीचा तलाव ही उथळ, पसरट पाणी. यांतले काही तलाव इंग्रजी अमदानीत दुष्काळी भागासाठी बांधलेले. एखाद्या वर्षी भरतात, एखाद्या वर्षी तळ दिसतो. मायणी परिसर रोहित पक्ष्यांसाठी ओळखला जातो. इथे बाष्पीभवनच वर्षाला दीड-दोन मीटर पाणी नेते. तीन मीटर खोलीच्या तलावात त्याचा अर्थ असा की बाहेरून कणभर न येताही उरलेल्या पाण्यातले प्रमाण दुप्पट होऊ शकते.

उपसा योजनांनी भरणारे तलाव हा चौथा प्रकार, आणि सूत्र रचणाऱ्यांनी तो पाहिलेलाच नव्हता. या तलावांत पाणी येते ते पावसाने नव्हे, पंपाने. सांडवा क्वचितच वाहतो. उचललेल्या पाण्यात लिटरमागे १०० मायक्रोग्रॅम स्फुरद आहे असे समजा. एक टीएमसी पाण्याबरोबर मग सुमारे २,८०० किलो स्फुरद, म्हणजे डीएपीची २८० पोती, दुष्काळी तालुक्यात चढवली जातात. पाणी शेतात गेले तर ते पिकाच्या कामी येईल; तलावात राहिले तर दर आवर्तनाला गाळात भर पडेल. योजनेच्या विरोधात हा मुद्दा नाही. पाणी उचलायचेच आहे, मग ते कोणत्या महिन्यात उचलावे, पहिल्या पुराचे गढूळ पाणी तलावात घ्यावे की थेट शेताला द्यावे, हे ठरवायला हा आकडा हवा.

पाचवा प्रकार नदीतलाच. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत पावसाळा संपताच बरगे घातले जातात आणि कृष्णा फुगवट्यांची साखळी बनते. सहा-सात महिने प्रत्येक फुगवटा तलावासारखा वागतो. सांगलीत आणि वरच्या भागात उन्हाळ्यात दिसणारी जलपर्णी नदीची नाही, साचलेल्या पाण्याची खूण आहे. प्रदूषणाचे नियम मात्र या फुगवट्यांना नदीच समजतात.

सूत्र कुठे अडते

पहिली अडचण गाळाची. स्फुरद गाळात बसले म्हणजे खर्ची पडले असे सूत्र मानते. पण तळाशी प्राणवायू संपला की लोहाने धरून ठेवलेले स्फुरद सुटून पुन्हा पाण्यात येते. क्लिफर्ड मॉर्टिमर यांनी हे १९४१-४२ मध्येच दाखवले होते. बाहेरचा नाला बंद केला तरी आतली शिल्लक वर्षानुवर्षे निघत राहते. शेजारच्या कोल्हापुरात रंकाळ्याने हे अनुभवले आहे. नाले वळवण्याची कामे झाली, तरी हिरवे पाणी आणि जलपर्णी पुन्हा पुन्हा परतत राहिली.

दुसरी अडचण उथळ तलावांची. मार्टेन शेफर यांच्या १९९० च्या दशकातल्या मांडणीनुसार उथळ तलाव हळूहळू बिघडत नाही. स्वच्छ, वनस्पतींनी भरलेल्या अवस्थेतून गढूळ-हिरव्या अवस्थेत तो एकदम कोसळतो. आणि ज्या भाराला कोसळला, त्या भारावर परत आणून तो सुधारत नाही. भार त्याच्याही बराच खाली न्यावा लागतो. त्यामुळे मायणी-राजेवाडीसारख्या तलावांबाबत अजून तर पाणी बरे आहे, हे समाधान धोक्याचे आहे.

तिसरी अडचण आपल्या पावसाची. समशीतोष्ण देशांत पाणी वर्षभर थोडे थोडे येते. आपल्याकडे वर्षाची जवळपास सगळी आवक चार महिन्यांत होते, आणि त्यातही वळवाचा व जूनच्या पहिल्या पावसाचा लोंढा सर्वांत घाण असतो. शिवाय पावसाळ्यात गढूळपणामुळे उजेड कमी असतो, म्हणून स्फुरद असूनही शैवाल वाढत नाही. माती खाली बसली की ऑक्टोबरात एकदम हिरवळ चढते. हे सगळे धरले तर एका तलावापुरता सूत्राचा अंदाज सहज दुप्पट किंवा निम्मा चुकू शकतो. तरीही १० आणि १०० मधला फरक तो चुकवत नाही, आणि पहिल्या निर्णयाला तेवढे पुरते.

संगणक आणि उपग्रह

सूत्राच्या पुढची पायरी म्हणजे रोजचा हिशेब ठेवणारी संगणकीय प्रारूपे. पाणलोटातली शेते, उतार, पाऊस, खत यांवरून ओढ्याला काय लागेल ते एक प्रारूप सांगते; तलावातली उष्णता, प्राणवायू, शैवाल यांचे दुसरे. उत्तर अमेरिकेतल्या ईरी सरोवराबाबत अमेरिकेची हवामान-सागर संस्था मौमी नदीतून मार्च ते जुलैमध्ये आलेल्या स्फुरदावरून त्या मोसमातल्या नील-हरित शैवालाचा अंदाज जाहीर करते. त्याच आकड्यांच्या बळावर २०१६ मध्ये अमेरिका आणि कॅनडाने स्फुरदाचा भार ४० टक्क्यांनी कमी करण्याचे लक्ष्य ठरवले.

उपग्रहांचीही मदत होते. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह दहा मीटरपर्यंतचा तपशील टिपतात आणि पाच दिवसांनी पुन्हा त्याच जागेवरून जातात. त्यांची चित्रे फुकट मिळतात. मायणीएवढा तलाव त्यांत सहज दिसतो. पण पावसाळ्यात ढग आडवे येतात आणि उपग्रहाला हिरवा रंग दिसतो तो बिघाड झाल्यावर. कोणतेही प्रारूप कितीही हुशार असले, तरी ज्या तलावाचे स्फुरद कधी मोजलेच नाही त्याबद्दल ते खात्रीने काही सांगू शकत नाही.

अर्धा हिशेब आपल्याकडे आहे

इथे आपली खरी उणीव दिसते, आणि तिच्यावरचा उपायही. सूत्राचा अवघड भाग पाण्याचा आहे: आवक, साठा, विसर्ग, निवासकाळ. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी शिकवल्यामुळे हे आकडे कोयना, धोम, कण्हेर, उरमोडी, वारणेबाबत रोज मोजले जातात आणि वर्तमानपत्रांत छापून येतात. उपसा योजनांच्या पंपांचे तासही नोंदलेले असतात. उरतो स्फुरदाचा रकाना. देशात पाण्याचे वर्ग ठरवताना प्राणवायू, जैविक प्राणवायू मागणी, सामू, जिवाणू यांचे निकष आहेत. स्फुरदाचा निकष त्यांत नाही. ज्याला निकष नाही, ते मोजण्याची सक्ती नाही.

वास्तविक हे मोजमाप महागडे नाही. पाण्याच्या नमुन्यात मॉलिब्डेटचे द्रावण आणि क जीवनसत्त्व घातले की स्फुरदाच्या प्रमाणात निळा रंग चढतो. तो रंग साध्या उपकरणावर मोजता येतो. १९६२ पासून रूढ असलेली ही पद्धत आहे. एकूण स्फुरद काढायचे तर नमुना आधी आम्लात उकळून घ्यावा लागतो, एवढेच. कऱ्हाड, सातारा, सांगली, विटा, इस्लामपूर इथल्या कोणत्याही विज्ञान महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेला हे जमेल. पारदर्शकतेसाठी तर काळी-पांढरी सेकी तबकडी दोरीने पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी होते ती खोली लिहायची. १८६५ पासूनची ही रीत शाळेतली मुलेही पाळू शकतात.

सुरुवात पाच प्रकारच्या पाण्यांतला एकेक नमुना घेऊन करता येईल: कोयनेचा एक फाटा, वेण्णा, मायणी, जत तालुक्यातला उपसा योजनेवर भरणारा एक तलाव आणि कृष्णेतला एक फुगवटा. महिन्यातून एकदा तबकडी, एकूण स्फुरद आणि नायट्रेट; प्राणवायू पहाटे. जून-जुलैत तलावाच्या मुखाशी प्रत्येक मोठ्या पावसानंतर एक नमुना. दोन पावसाळ्यांत प्रत्येक तलावाचा पहिला अंदाज बांधता येईल आणि तिसऱ्यात तो तपासून दुरुस्त करता येईल.

अंदाज हाती आला की कामांचा क्रम लागतो. पाचशे वस्तीचा नाला वळवावा की पाणलोटात बांधबंदिस्ती करावी, याचे उत्तर तलावागणिक वेगळे असेल, आणि तो फरक आकडेच सांगतील. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत निघणारा गाळ तलावातली स्फुरदाची जुनी शिल्लक कमी करतो. तोच गाळ काठालगतच्या उतारावर टाकला तर पुढच्या पावसात परत येतो. म्हणून कोणता गाळ कुठे टाकायचा, याचाही हिशेब याच वहीत मांडावा लागेल.

दुष्काळी तालुक्यांनी पाण्यासाठी चार दशकांहून अधिक काळ लढा दिला. पाणी किती आणि कुणाला, हे प्रश्न त्या लढ्याने ऐरणीवर आणले. आता तलाव भरू लागले आहेत, तेव्हा प्रत्येक पाणी वापर संस्थेने आणि ग्रामसभेने आवर्तन मागताना त्या पाण्यातल्या स्फुरदाचा आकडाही मागावा. तो मागण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे, आणि तो देणे यंत्रणेला आजच शक्य आहे.